सुटकेनंतर उरलेले काम

वाचकाचे पत्र

मी गेली सहा वर्षे एका विधी संस्थेत व्यापारी करारांचे काम करते. कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार यांच्यातले करार लिहिणे, तपासणे आणि वाद उद्भवला तर लवादात बाजू मांडणे असे त्या कामाचे स्वरूप आहे. मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या आग्रहावरून मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या एका गटाबरोबर मी पोलिसांच्या छाप्याच्या वेळी स्वयंसेवक म्हणून गेले. एका घरात कोंडून ज्यांच्याकडून शिवणकाम करून घेतले जात होते, अशा नऊ स्त्रियांची त्या दिवशी सुटका झाली. सगळे एकमेकांचे अभिनंदन करत असताना त्यांच्यातल्या एकीने मला विचारले, "माझे चौदा महिन्यांचे पैसे आता कोण देणार?" मला उत्तर देता आले नाही आणि तो प्रश्न अजून मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट अशी की, आमच्या एका अशील कंपनीच्या पुरवठादाराची कागदपत्रे तपासताना त्याच्या कारखान्यातल्या परदेशी कामगारांची पारपत्रे व्यवस्थापनाच्या कपाटात कुलूपबंद असल्याचे माझ्या लक्षात आले. कामगारांनी तशी संमतिपत्रे लिहून दिलेली आहेत. माझे वरिष्ठ म्हणतात, की संमती आहे, पगार मिळतो आहे, कारखान्याच्या दाराला कुलूप नाही, तेव्हा आपण यात पडू नये. मला मात्र चैन पडत नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ सुटकेच्या कामाला लागावे असे वारंवार वाटते. मी काय करावे?

एक वकील

उत्तर

नोकरी सोडू नका आणि त्या गटाबरोबर पुढच्या छाप्यालाही जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. हे वाचून तुमची निराशा होईल याची मला कल्पना आहे, आणि तुमच्या तळमळीला मी कमी लेखत नाही. परंतु तुमच्या पत्रातल्या दोन घटना तुम्ही वेगळ्या धरल्या आहेत आणि माझ्या दृष्टीने त्या एकाच कामाच्या आहेत. चौदा महिन्यांचे थकलेले पैसे आणि कपाटातली पारपत्रे हे दोन्ही विषय कराराचे, हिशेबाचे आणि पुराव्याचे आहेत, म्हणजे जे काम सोडून जावे असे तुम्हाला वाटते आहे नेमके त्याच कामाचे आहेत. दार उघडायला माणसे मिळतात. दार उघडल्यानंतर चार-पाच वर्षे एकाच व्यक्तीची फाइल हातात धरून बसणारा वकील मात्र शोधूनही सापडत नाही.

आधी शब्दाविषयी थोडे बोलतो, कारण तुमच्या वरिष्ठांच्या युक्तिवादाचे मूळ तिथेच आहे. वर्तमानपत्रांनी रूढ केलेला 'मानवी तस्करी' हा शब्द दिशाभूल करणारा आहे. तस्कर म्हणजे मुळात चोर, आणि तस्करी म्हटली की चोरवाटेने सीमा ओलांडणारा माल डोळ्यांसमोर येतो. पैसे घेऊन लोकांना बेकायदा सीमा ओलांडून देणे हा गुन्हा वेगळा आहे आणि त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करारही वेगळा आहे. माणसांचा व्यापार होण्यासाठी सीमेची गरज नसते. पीडित व्यक्ती स्वतःच्या गावातून, अगदी स्वतःच्या घरातूनही हललेली नसू शकते, आणि रीतसर व्हिसा घेऊन, विमानाचे तिकीट काढून, हसतमुखाने निरोप घेऊन आलेली व्यक्तीही या व्यापाराची बळी असू शकते. म्हणून मी 'मानवी व्यापार' हा शब्द वापरतो. त्यातल्या श्रमांच्या बाजूसाठी तर आपल्या भाषेत फार जुना आणि अचूक शब्द आहे: वेठ. एखाद्याला वेठीस धरणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्यासाठी साखळदंड लागत नाहीत, हेही तो जाणतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 15 नोव्हेंबर 2000 रोजी स्वीकारलेला आणि 25 डिसेंबर 2003 पासून अमलात आलेला, पालेर्मो शहराच्या नावाने ओळखला जाणारा पूरक करार मानवी व्यापाराच्या गुन्ह्याचे तीन घटक सांगतो. पहिला घटक कृतीचा: भरती करणे, नेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे, आसरा देणे किंवा ताब्यात घेणे. दुसरा साधनाचा: बळजबरी, धमकी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा किंवा अगतिक अवस्थेचा गैरफायदा, किंवा ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवणे. तिसरा घटक शोषणाच्या हेतूचा. यांपैकी कोणतेही साधन वापरले गेले असेल, तर पीडित व्यक्तीने शोषणाला दिलेली संमती गैरलागू ठरते, असे हा करार स्पष्टपणे म्हणतो. आणि व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर साधन सिद्ध करण्याचीही गरज राहत नाही. 'अगतिक अवस्था' म्हणजे काय, याचा खुलासा कराराच्या मसुद्यावर चर्चा करणाऱ्यांनी नोंदवून ठेवला आहे: निमूटपणे मान्य करण्यावाचून दुसरा खरा आणि पत्करता येईल असा पर्याय ज्या स्थितीत नसतो, ती स्थिती. मराठीत तर हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. गती नाही तो अगतिक.

ही व्याख्या समोर ठेवून संमतिपत्रांकडे पाहा. ग्रीसमधल्या मानोलादा येथील स्ट्रॉबेरीच्या शेतांवर 2012–13 च्या हंगामात कामाला आलेल्या बांगलादेशी मजुरांना सात तासांचे 22 युरो आणि जादा तासाला 3 युरो कबूल करण्यात आले होते. प्रत्यक्षात हत्यारबंद पहारेकऱ्यांच्या नजरेखाली ते रोज सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत राबले आणि पैसे मिळाले नाहीत. एप्रिल 2013 मध्ये मजूर थकलेली मजुरी मागायला गेले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि अनेकजण जखमी झाले. तिथल्या न्यायालयाने मानवी व्यापाराच्या आरोपातून सर्व आरोपींची सुटका केली, आणि त्याचे एक कारण असे दिले, की कामाच्या वेळेनंतर मजूर मोकळे होते, हवे तर निघून जाऊ शकत होते. हे वाक्य तुम्हाला ओळखीचे वाटले असेल. 'दाराला कुलूप नाही' हाच तो युक्तिवाद आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 'चौधुरी व इतर विरुद्ध ग्रीस' या खटल्यात 30 मार्च 2017 रोजी तो फेटाळला. मालक आपल्या सत्तेचा गैरवापर करून किंवा मजुरांच्या अगतिकतेचा फायदा घेऊन त्यांचे शोषण करत असेल, तर ते स्वखुशीने काम करत होते असे म्हणता येत नाही. सुरुवातीची संमती पुढच्या वेठीला झाकू शकत नाही आणि फिरण्याचे स्वातंत्र्य असणे म्हणजे वेठ नसणे नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. खरे तर याच्या पस्तीस वर्षे आधी, 1982 मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात याहून पुढचे पाऊल टाकले होते. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात घेतलेले श्रम ही संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठ आहे, कारण भुकेची आणि दारिद्र्याची सक्ती हीदेखील सक्तीच असते, असे त्या न्यायालयाने म्हटले. तुमच्या वरिष्ठांशी बोलताना हे दोन निकाल जवळ ठेवा.

तरीही घाई करू नका. कपाटातली पारपत्रे हे लक्षण आहे, निदान नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वेठबिगारीची अकरा लक्षणे सांगितली आहेत. त्यांत ओळखपत्रे आणि पारपत्रे काढून घेणे जसे आहे, तसेच वेतन रोखून ठेवणे, कर्जाच्या फासात अडकवणे, धमकावणे, एकाकी पाडणे, फसवणूक, अतिरेकी जादा काम अशीही लक्षणे आहेत. एका लक्षणावरून निष्कर्ष काढणे जितके चूक, तितकेच एक लक्षण दिसल्यावर बाकीची शोधायचे नाकारणे हेही चूक आहे. तुम्ही विचारण्याजोगे प्रश्न साधे आहेत. मागणी केल्यावर, कारण न सांगता, त्याच दिवशी पारपत्र हातात मिळते का? कपाटाची किल्ली सुट्टीच्या दिवशी कोणाकडे असते? संमतिपत्र कामगाराला वाचता येईल अशा भाषेत आहे का, आणि त्यावरची तारीख नोकरीच्या पहिल्याच दिवसाची आहे का? मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: या नोकरीसाठी कामगाराने मध्यस्थाला किती पैसे मोजले आणि ते कोणाकडून उसने आणले? भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारू नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1997 च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या करारात आहे, पण व्यवहारात उचल, दलाली आणि व्याज यांची साखळी परदेशी कामगाराला पारपत्रापेक्षा घट्ट बांधून ठेवते. ज्याच्या घरच्या जमिनीवर कर्ज आहे, त्याच्या दाराला कुलूप लावण्याची गरज मालकाला पडत नाही.

आता तुमच्या व्यावसायिक कर्तव्याचा पेच पाहू. तुम्ही त्यावर एक ओळही लिहिलेली नाही, पण तुमची झोप त्यानेच उडवली असावी असा माझा तर्क आहे. अशिलाच्या कागदपत्रांतून कळलेली गोष्ट तुम्ही पत्रकाराला, त्या गटाला किंवा परस्पर पोलिसांना सांगू शकत नाही. वकिलाच्या गुप्ततेचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श आचारनियमांत, एखाद्याचा मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा जवळपास निश्चित दिसत असेल तर ती टाळण्यापुरती माहिती उघड करण्याची मुभा आहे. अनेक ठिकाणी असे अपवाद आहेत, काही ठिकाणी ते याहून अरुंद आहेत. तुमच्या वकील परिषदेचे नियम आजच काढून वाचा आणि गरज वाटल्यास परिषदेच्या नीतिविषयक समितीकडे नावे न घेता लेखी मार्गदर्शन मागा. पण गुप्तता म्हणजे मौन नव्हे. अशिलाला अप्रिय सत्य स्पष्टपणे सांगणे हा वकिलाचा अधिकारही आहे आणि कर्तव्यही. तुमच्या अशील कंपनीला तुम्ही लेखी अभिप्राय द्यावा, त्यात वरची व्याख्या, हे निकाल आणि विचारायचे प्रश्न असावेत, आणि कंपनीच्या कायदा विभागाने तो गुंडाळून ठेवला तर संचालक मंडळापर्यंत नेण्याचा आग्रह धरावा. वरिष्ठांना डावलून हे करू नका. त्यांच्याशी बोला, त्यांचा नकार असेल तर तोही लेखी घ्या. तोंडी 'यात पडू नये' म्हणणारा माणूस तेच वाक्य सहीनिशी लिहायची वेळ आली की बहुधा पुन्हा विचार करतो.

एक रेषा मात्र ओलांडू नका. आमच्या पुरवठा साखळीत वेठबिगारी नाही, असे निवेदन तुमची अशील कंपनी दरवर्षी प्रसिद्ध करत असेल आणि ते तुमच्या टेबलावरून जात असेल, तर हे प्रश्न अनुत्तरित असताना त्या वाक्याला हात लावू नका. खोट्या निवेदनाला साहाय्य करणे कोणत्याही वकिलाला परवडणारे नाही. या निवेदनांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, हे इथेच सांगून टाकतो. ब्रिटनच्या 2015 च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याने 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना असे निवेदन सक्तीचे केले, पण 'आम्ही कोणतीही पावले उचललेली नाहीत' असे लिहिले तरी त्या कायद्याची पूर्तता होते. त्यामुळे सुबक शब्दांत काहीही न सांगण्याची एक वेगळीच लेखनकला त्यातून जन्माला आली. फ्रान्सने 2017 मध्ये मोठ्या कंपन्यांवर दक्षतेची योजना आखण्याचे आणि ती अमलात आणण्याचे कर्तव्य घातले. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कंपनीने काय लिहिले यापेक्षा काय केले हे विचारता येते.

तुमच्या रोजच्या कामाला भिडणारी गोष्ट यापुढे येते. पुरवठादाराकडून 'आमच्याकडे सक्तीचे श्रम नाहीत' अशी हमी लिहून घ्यायची आणि ती खोटी निघाली की करार रद्द करायचा, ही जुनी पद्धत तुम्हाला पाठ असेल. तिचा परिणाम विचारात घ्या. कंपनी हात झटकून मोकळी होते, पुरवठादार लपवाछपवी शिकतो आणि कामगार कर्ज, थकलेला पगार आणि रद्द झालेला व्हिसा घेऊन रस्त्यावर येतो. अमेरिकन बार असोसिएशनच्या एका कार्यगटाने 2021 मध्ये आदर्श करारकलमांची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली, ती या कारणासाठी वाचण्यासारखी आहे. तिथे केवळ पुरवठादाराच्या हमीवर भिस्त न ठेवता दोन्ही पक्षांवर मानवी हक्कांबाबत सतत दक्ष राहण्याचे कर्तव्य घातले आहे, अवाजवी कमी दर आणि अशक्य मुदती लादणार नाही अशी जबाबदारी खरेदीदारावरही टाकली आहे, आणि काही वाईट आढळले तर आधी ज्याचे नुकसान झाले त्या कामगाराचे निवारण, मग पक्षांमधली भरपाई, असा क्रम धरला आहे. तुम्ही पुढच्या करारात असे एक कलम घातलेत, की पारपत्रे कामगाराच्याच ताब्यात राहतील, कुलूप-किल्लीची पेटी प्रत्येकाला स्वतंत्र मिळेल, भरतीसाठी घेतलेले शुल्क ठरलेल्या मुदतीत परत केले जाईल आणि करार संपवण्यापूर्वी कामगारांची देणी चुकती होतील, तर त्या एका परिच्छेदाने कोणताही दरवाजा न फोडता जे साधेल, ते अनेक छाप्यांनी साधणार नाही.

छाप्याला जाऊ नका असे मी म्हटले, त्याचे कारण तुमच्याकडून तिथे काही चुकले असते असे नाही. कारण असे, की मानवी व्यापाराच्या खटल्यांत न्याय बहुतेक वेळा सुटकेनंतर हरवतो, आणि तो प्रशिक्षित लोकांच्या हातातून हरवतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या 'रान्त्सेव्ह विरुद्ध सायप्रस आणि रशिया' या 7 जानेवारी 2010 च्या निकालातील हकिगत वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. मनोरंजन क्षेत्रातील कलाकारांसाठीच्या परवान्यावर मार्च 2001 मध्ये सायप्रसला आलेली एक रशियन तरुणी थोड्याच दिवसांत काम सोडून निघून गेली. मालकाने तिला शोधून पहाटे पोलीस ठाण्यात नेले. तिची कागदपत्रे बेकायदा नाहीत असे पोलिसांना आढळले, आणि तिला काही प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी मालकालाच बोलावून तिला त्याच्या हवाली केले. काही तासांतच ती एका इमारतीखाली मृतावस्थेत आढळली. तिच्या वडिलांनी खटला लढवला, आणि मानवी व्यापार हा युरोपीय मानवी हक्क कराराच्या गुलामगिरीविरोधी कलमाखाली येतो, पीडिताचे संरक्षण करणे आणि तपास करणे हे राज्यांचे कर्तव्य आहे, भरती ज्या देशात झाली त्याचेही ते आहे, असे त्या निकालाने ठरवले. त्या पहाटे ती कोंडलेली नव्हती, पोलीस ठाण्यात बसलेली होती. तिला वेगळ्या खोलीत बसवून, दुभाषी बोलावून, तुम्हाला परत जायचे आहे का, एवढे विचारणारे कोणी तिथे नव्हते.

वकीलही याला अपवाद नाहीत. ब्रिटनमध्ये गांजाची लागवड केलेल्या घरांत सापडलेल्या दोन व्हिएतनामी मुलांवर अमली पदार्थांचे गुन्हे दाखल झाले, त्यांनी वकिलांच्या सल्ल्याने गुन्हा कबूल केला आणि त्यांना शिक्षा झाल्या. ती मुले मानवी व्यापाराची बळी असू शकतात याची तपासणी वेळेवर झाली नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2021 रोजी दिलेल्या निकालात ब्रिटनला दोषी धरले आणि या पार्श्वभूमीची माहिती नसताना दिलेली कबुली म्हणजे हक्क सोडून देणे नव्हे, असे म्हटले. ज्या बेकायदा कृत्यासाठी पीडितावर सक्ती झाली त्यासाठी त्याला शिक्षा न देण्याची तरतूद असावी, हे तत्त्व युरोप परिषदेच्या मानवी व्यापारविरोधी 2005 च्या कराराच्या 26 व्या कलमात आहे, पण ते कोर्टात मांडायला कोणीतरी उभे राहावे लागते. तुमच्या भागातल्या कायदेशीर मदत केंद्रात आठवड्यातले दोन तास देऊन, अटक झालेल्या परदेशी किंवा अल्पवयीन आरोपींच्या फाइलींत एवढे एक तपासायचे काम तुम्ही आजपासून घेऊ शकता: हा आरोपी खरे तर पीडित तर नाही ना?

असा कोणी सापडला तर जबाब घेण्याची घाई करू नका. मी तरुणपणी ही चूक केली आहे. सुटका झालेल्या एका बाईला मी पहिल्याच भेटीत तारखा, पत्ते आणि माणसांची नावे क्रमवार विचारली. दुसऱ्या भेटीत तिने वेगळा क्रम सांगितला, आणि मी मनातल्या मनात तिला अविश्वसनीय ठरवून बसलो. आघात झालेल्या माणसाची आठवण तुकड्यातुकड्यांनी येते, भीती आणि लाज यांमुळे काही भाग मागे राहतो, आणि जो तपशील सरकार पक्षाला मध्यवर्ती वाटतो तो तिला आठवतही नसतो, हे मला फार उशिरा कळले. तोवर उलटतपासणीत तिच्या दोन जबाबांतली तफावत दुसऱ्या बाजूने पुरेपूर वापरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये अशा स्त्रियांच्या मुलाखतींसाठी नैतिक आणि सुरक्षिततेच्या सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांचा गाभा असा, की विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत समोरच्या व्यक्तीला असलेला धोका कमाल पातळीचा आहे असे धरून वागावे. दुभाषी तिच्या ओळखीतला, तिच्या गावचा किंवा मध्यस्थाच्या संपर्कातला नसावा. युरोप परिषदेच्या त्याच कराराने सावरण्यासाठी आणि विचार करण्यासाठी किमान तीस दिवसांचा अवधी देण्याचे बंधन घातले आहे, आणि त्या काळात तिला देशाबाहेर पाठवता येत नाही. कायद्यात अशी मुदत नसेल तिथेही चांगला वकील ती स्वतःहून देतो.

आता तुम्हाला विचारलेल्या त्या प्रश्नाकडे येऊ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये कोणत्याही एका दिवशी जगात 2 कोटी 76 लाख माणसे सक्तीच्या श्रमांत अडकलेली होती, आणि याच संघटनेने 2024 मध्ये खासगी क्षेत्रातल्या सक्तीच्या श्रमांतून मिळणारा बेकायदा नफा वर्षाला 236 अब्ज डॉलर असल्याचे म्हटले. हा नफा म्हणजे न दिलेली मजुरी. म्हणजे "माझे चौदा महिन्यांचे पैसे कोण देणार" हा प्रश्न या संपूर्ण गुन्ह्याच्या अर्थकारणाचा नेमका मध्यबिंदू आहे, आणि तो तुम्हाला वकील म्हणून विचारला गेला होता. पालेर्मो करारातही भरपाई मिळण्याची शक्यता कायद्याने उपलब्ध करावी असे कलम आहे. अमेरिकेने 2003 मध्ये पीडितांना थेट दिवाणी दावा लावण्याचा हक्क दिला. अन्यत्र फौजदारी खटल्यातच भरपाईचा आदेश मागता येतो किंवा श्रम न्यायालयाचा मार्ग असतो. मार्ग कोणताही असला तरी अडचण सारखीच असते: निकाल लागेपर्यंत आरोपीच्या नावावर काही उरलेले नसते.

इथे फौजदारी वकिलांपेक्षा तुमच्यासारख्यांची गरज अधिक आहे. पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या कंपनीत गेला, शिवलेला माल कोणी विकत घेतला, मालमत्ता कोणाच्या नावावर वळवली, आणि निकालापूर्वी तिच्यावर टाच कशी आणायची, हे तुम्ही व्यापारी वादांत रोज करता. त्या स्त्रियांच्या प्रकरणात फोनवरचे संदेश, घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर केलेल्या खुणा आणि मालकाच्या वहीतल्या नोंदी हाच चौदा महिन्यांचा हजेरीपट आहे. छाप्याच्या दिवशी हत्यारे, रोकड आणि दरवाजावरचे कुलूप जप्त होते. मजुरीचा हिशेब असलेली वही पुष्कळदा त्या घरातच राहून जाते. माझ्या मते मानवी व्यापाराविरुद्धच्या कामातली ही सर्वांत महाग पडणारी हलगर्जी आहे.

यात तुम्ही एकट्या नसाल. बँकेतले लोक, विशेषतः संशयास्पद व्यवहार कळवण्याची जबाबदारी असलेले, एकाच पत्त्यावर किंवा एकाच फोन क्रमांकावर असलेली अनेक पगारी खाती आणि पगार जमा होताच एकाच खात्यात वळणारे पैसे ओळखायला शिकले आहेत; मनी लाँड्रिंगविरोधी आंतरराष्ट्रीय कार्यदल असलेल्या एफएटीएफने 2018 मध्ये यावर स्वतंत्र अहवालही काढला. डॉक्टर आणि परिचारिका तर अनेकदा कोंडून ठेवलेल्या व्यक्तीला भेटणारे पहिले बाहेरचे लोक असतात. बरोबर आलेला माणूस सगळी उत्तरे स्वतःच देत असेल तर रुग्णाला एकटे भेटण्याचा आग्रह धरणे, एवढ्याने पुष्कळ होते. तुमच्या ओळखीतला एखादा लेखापरीक्षक आणि एखादा विश्वासू दुभाषी गाठून ठेवा. असा चार-पाच जणांचा मूक गट मला छाप्याला जाणाऱ्या पन्नास स्वयंसेवकांपेक्षा अधिक कामाचा वाटतो.

पुढच्या आठवड्यात तुम्ही एवढे करा. त्या गटाकडून किंवा तपास अधिकाऱ्यांकडून नऊ स्त्रियांचे वकीलपत्र कोणाकडे आहे ते विचारा. बहुधा कोणाकडेच नसेल. सरकारी वकील सरकारचा असतो, त्यांचा नसतो. त्यांच्यातल्या ज्या स्त्रीने तुम्हाला प्रश्न विचारला तिची इच्छा असेल, आणि ती इच्छा तिने निवारागृहातल्या कोणाच्या दबावाशिवाय सांगितली असेल, तर तिचे वकीलपत्र तुम्ही घ्या. त्याआधी तुमच्या संस्थेची परवानगी घ्या आणि शिवलेल्या मालाच्या खरेदीदारांत तुमचा कोणी अशील नाही ना, हे हितसंबंधांच्या दृष्टीने तपासा. मग पहिले काम मुदतीचे. मजुरीच्या दाव्याला मुदतीचे बंधन असते, ते अनेक ठिकाणी फार थोडे असते, आणि कोंडून ठेवलेला काळ त्यातून वगळता येतो का हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. सुटकेला किती महिने झाले ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. तो आकडा आधी काढा.